क्रूझचं सॅम्पल

आमच्या दिग्रसपासून समुद्र नेमका कुठल्या दिशेला आहे, यावर आमच्या घरात एकमत नाही. हे म्हणतात, पश्चिमेला. सासूबाई म्हणतात, "पुसदच्या पल्याड कुठीतरी असन." मुलं म्हणतात, मोबाइलमध्ये आहे. अशा घरावर एका उन्हाळ्यात क्रूझ निवडायची वेळ आली, आणि निवडायचं काम आलं माझ्याकडे!

त्याचं असं झालं. मी विम्याची एजंट. ज्या वर्षी बोंडअळीनं कापसाची बोंडं आतून पोखरली, सरकी काढणारे जिनिंगचे कारखाने एरवीपेक्षा फार लवकर बंद पडले आणि बाजारात कापसाच्या गाड्यांपेक्षा कापसावर बोलणारे जास्त दिसू लागले, त्या वर्षी मी दिग्रस, आर्णी आणि पुसदमधला एकही शिक्षक विम्याविना मोकळा सोडला नाही. (माझी यादी गावाप्रमाणे असते, गावात शाळेप्रमाणे आणि शाळेत मधल्या सुट्टीप्रमाणे. मधल्या सुट्टीत गुरुजी पळून जाऊ शकत नाहीत. तोंडात घास असतो.) कंपनी खूश झाली. तिनं चौघांच्या क्रूझचं बक्षीस जाहीर केलं आणि तीन जहाजांची रंगीत पत्रकं पाठवली. यातलं एक निवडा, चौघांची नावं कळवा, मुदत रविवार रात्रीपर्यंत.

चौघं म्हणजे सरळ होतं. मी, हे, मुलगी प्रणाली आणि मुलगा सुजल. प्रणालीची दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती आणि जूनमध्ये ती नागपूरला होस्टेलवर जाणार होती. एकदा पोर होस्टेलवर गेली की घरी येते ती पाहुणी म्हणून, आणि सोबत मळक्या कपड्यांची पिशवी आणते. चौघांनी मिळून कुठे जायची ही शेवटचीच संधी, असं मी धरून चालले होते. त्यामुळे प्रणालीला आवडेल तीच क्रूझ घ्यायची आणि काहीही करून तिला सोबत न्यायचं, एवढं माझं पक्कं होतं.

संध्याकाळी सगळ्यांना बैठकीत गोळा करून मी पत्रकं वाचून दाखवली. पहिलं जहाज मुंबईहून गोव्याला जाऊन येणारं. त्यावर रात्रभर नाचगाणं. दुसरं भर समुद्रातून लक्षद्वीपच्या बेटांवर नेणारं. तिसरं केरळातलं, संथ खाडीवरून हळूहळू सरकणारं. खिडकीत बसायचं आणि नारळाची झाडं पाहायची.

"मुलांनी सांगायचं," मी म्हणाले, "तुमच्या वयाला कोणतं बरं पडेल?"

सुजल तेव्हा तेरा वर्षांचा. त्यानं मुद्द्याचा प्रश्न विचारला. "वायफाय कोणत्यावर हाय?"

"समुद्रात वायफाय कुठून येईल?"

"मंग तिथी लोकं करतात काय?"

"समुद्र पाहतात."

"किती वेळ?"

याचं उत्तर एकाही पत्रकात नव्हतं.

प्रणालीनं मान वर न करता निकाल दिला. "मी नाही येत."

"काहून नाही येत?"

"तू टाइमटेबल बनवशीन."

"मी? सहलीला?"

"चिखलदऱ्याले काय केलं व्हतं? 'सूर्यास्त पाहणे, शांतपणे.' असं लिहेल व्हतं आई, टाइमटेबलमधी! अन् सूर्य ढगात गेला तं तू त्याच्यापुढं 'झाले' म्हणून खूण केली!"

(खूण केली होती, हे खरं. आम्ही आमचं पाहायचं काम केलं होतं. सूर्यानं त्याचं केलं की नाही, हे त्यानं पाहावं.)

"अन् शिट्टी!" सुजलनं भर घातली.

"शिट्टी तं सांगूच नको. माह्या वर्गातल्या पोरी व्हत्या त्या पॉइंटवर. मी येत नाही. माह्या जागेवर आजीले न्या."

कोपऱ्यात तुरीची डाळ निवडत बसलेल्या सासूबाईंचा हात सुपातच थांबला.

"होय ना माय!" त्या म्हणाल्या. "पोरीले यायचं नाही तं कायले जबरदस्ती करतं? मी हाव ना!"

आणि त्या क्षणापासून त्यांचा प्रचार सुरू झाला.

"प्रणाली, जहाजात भल्ले उंदीर असते म्हणे."

"तुले कोणं सांगितलं, आजी?"

"सांगाले कायले लागते? जिथी धान्य तिथी उंदीर."

"मंग तू कायले जातं?"

"मी काय उंदराले भेतो?"

इकडे यांनी पत्रकं हातात घेतली होती. यांचं काम म्हणजे कापूस पाहणं. जिनिंगवर ग्रेडर आहेत. गाडीतला कापूस चिमटीत घ्यायचा, दोन अंगठ्यांमध्ये धागा ओढायचा आणि माल कसा आहे ते सांगायचं. वर पांढराशुभ्र फुलवलेला कापूस आणि खाली ओला, पिवळा माल हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं. त्यामुळे ते कुठल्याच गोष्टीच्या वरच्या थरावर विश्वास ठेवत नाहीत. सरळ ढिगात कोपरापर्यंत हात घालतात. (मला पाहायला आले तेव्हा पोहेसुद्धा त्यांनी बशीच्या तळापासून उकरून खाल्ले होते. माझ्या आईला वाटलं, मुलाला खोबरं आवडत नाही.)

त्यांनी लक्षद्वीपचं पत्रक दोन अंगठ्यांमध्ये धरून थोडं ताणलं.

"वरून फुलवेल दिसते," ते म्हणाले.

"अहो, ते जहाज आहे."

"म्हून तं म्हणतो. सॅम्पल कुठी हाय?"

"जहाजाचं सॅम्पल?"

"सॅम्पल पाह्यल्याबिगर मी आजवर एक गाडी आत घेतली नाही. अन् याच्यात तं घरचे चार माणसं भराचे हायेत!"

खरं तर तिथेच मी हसून विषय संपवायला हवा होता. पण जिनिंग बंद असल्यामुळे यांना हात घालायला ढीगच उरला नव्हता. घरातल्या तांदळाच्या डब्यातही कोपरापर्यंत हात घालून झाला होता. आणि माझ्यासारख्या बाईला रंगीत तालीम म्हटलं की अंगात वारं भरतं! मी लगेच ठरवलं, रविवारी सकाळी अरुणावतीच्या धरणावर नावेतून फेरी मारायची. कोणाला पाणी सोसतं, कोणाला मळमळतं, मुलं रमतात की कंटाळतात, सगळं आधीच कळेल.

प्रणालीनं अटी घातल्या. "सॅम्पल आवडलं तं मी येईन. नाही आवडलं तं आजी जाईन. पण टाइमटेबल नाही पाह्यजे."

"बरं."

"शिट्टी नाही."

"बरं."

मी शब्दाची पक्की आहे. टाइमटेबल केलं नाही. फक्त कार्यक्रमपत्रिका केली. शिट्टीही नेली नाही. (ताट आणि उलथनं याबद्दल काहीच ठरलं नव्हतं.)

धरणातलं पाणी उन्हाळ्यात बरंच मागे सरकलं होतं. उघड्या पडलेल्या गाळात टरबुजाच्या वाड्या लागल्या होत्या आणि काठावर म्हशी उभ्या होत्या. सुखदेवभाऊ त्यांची मासे धरायची लाकडी नाव घेऊन तयार होते.

"जयभीम ताई! नुसतं फिराचंच हाय ना?" आमच्या ऑटोतून उतरणारं सामान पाहून ते म्हणाले. "का बिऱ्हाड हलवून राह्यले?"

सामानात पुऱ्या, पाणी, लिंबं, ओवा, आलं, छत्र्या होत्या आणि एका गोणीत तेलाचे रिकामे प्लास्टिकचे डबे. तिन्ही पत्रकांत लिहिलं होतं की प्रत्येक प्रवाशाला लाइफ जॅकेट मिळेल. दिग्रसमध्ये लाइफ जॅकेट मिळत नाही. तेलाचे डबे मिळतात. मी सगळ्या गल्लीतून गोळा केले होते. झाकणं घट्ट लावून, जुन्या साडीच्या पट्ट्यांनी प्रत्येकाला एक डबा पोटावर आणि एक पाठीवर बांधला. स्वतःला पुढे दोन आणि मागे दोन बांधले. कप्तानानं स्वतःपासून सुरुवात करावी.

"मी हे नाही घालत," प्रणाली म्हणाली. "लोकं पाहून राह्यले."

लोक म्हणजे एक टरबूजवाली बाई आणि म्हशी. अखेर तिनं डबे बांधून घेतले, पण वरून ओढणी पांघरली. त्यामुळे ती उंटासारखी दिसू लागली, हे मी बोलले नाही. सुजल बोलला, आणि नावेत बसायच्या आधीच पहिली मारामारी झाली.

नाव निघाली. मी ताटावर उलथनं वाजवलं. म्हशींनी माना वळवल्या.

"प्रवाशांनो, आपलं स्वागत आहे! आता युवकांसाठी अंताक्षरी!"

युवकांपैकी एक माझ्याकडे पाठ करून, कानात इयरफोन खुपसून बसली होती. दुसरा मोबाइल आकाशाकडे धरून नेटवर्क पकडत होता. हे फळीला दोन्ही हातांनी धरून, स्वतःच्या अंगठ्यांकडे टक लावून बसले होते.

"कसं वाटतंय सॅम्पल?" मी विचारलं.

"पाहू दे," ते म्हणाले. डोळे मिटलेले होते!

रमल्या होत्या त्या फक्त सासूबाई. नावेच्या टोकाला राणीसारख्या बसून त्यांनी एक हात पाण्यात सोडला होता. "भल्ली मजा येऊन राह्यली वं! प्रणाली, तुले मळमळून राह्यलं असन नाही?"

"नाही, आजी."

"मळमळन, मळमळन. समुद्रात तं याहून बेक्कार. जाऊ नको माय तू."

आता जे सांगते ते फार मोठ्यानं सांगण्यासारखं नाही. मळमळत होतं मला. धरणात लाट नव्हती. काठावरून एक म्हैस पाण्यात उतरली, तिचा एक बारीकसा तरंग आमच्या नावेपर्यंत आला आणि माझ्या पोटानं त्याची वादळ म्हणून नोंद घेतली. पण कप्तानाला मळमळत नाही. मी लिंबं इतरांना वाटत राहिले, प्रत्येकाला "बरं वाटतंय ना?" विचारत राहिले आणि मध्येच एक लिंबू सालासकट स्वतःच्या तोंडात कोंबलं.

"आई, तू हिरवी काहून दिसून राह्यली?" सुजलनं विचारलं.

"ऊन," मी लिंबाच्या आडून म्हणाले.

तेवढ्यात खालून खडाड् असा आवाज आला आणि नाव जागच्या जागी थांबली.

"काय झालं? काय झालं?" यांचा आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला. सासूबाईंनी पाण्यातला हात काढून जोडला आणि त्रिशरण सुरू केलं.

"काही नाही, आई," सुखदेवभाऊ म्हणाले. "जुन्या बाभळीच्या खुंटात अडकली. नुसते बसून राहा. कोणी हलू नका."

आता माझ्या कार्यक्रमपत्रिकेत अशा प्रसंगासाठी सूचना लिहिलेलीच होती: संकटकाळी कोणीही उभे राहू नये. ती सगळ्यांना नीट ऐकू जावी म्हणून मी उभी राहिले.

पुढचं मला थेट पाण्यातूनच आठवतं.

पुढे दोन आणि मागे दोन डबे हे गणित माणूस उभा असेपर्यंत बरोबर असतं. माणूस आडवा झाला की मागचे डबे त्याला वर ढकलतात, पुढचे वर ओढतात आणि तो उलट्या पडलेल्या कासवासारखा पाण्यावर उताणा होतो. हात हलतात, पाय हलतात, पण माणूस पालटत नाही. माझं तोंड पाण्याच्या वर राहिलं, हा डब्यांचा गुण. ते बंद झालं नाही, हा माझा!

"कोणी घाबरू नका!" मी ओरडत होते. "सुजल, ताट वाजव! अहो, दोर फेका! आई, तुम्ही डाव्या बाजूला सरका, तोल जाईल!"

हे दोर फेकणार कसे? दोर धरायला फळी सोडावी लागते. सुजल ताट वाजवायच्या ऐवजी मोबाइल माझ्यावर रोखून उभा होता, म्हणजे त्यानंही सूचना मोडलीच. वारा सुटला होता आणि मी हळूहळू टरबुजाच्या वाड्यांकडे निघाले होते. वाटेत एका म्हशीनं मला हुंगलं आणि वाट दिली.

"वाचवा!"

"अवं, उभी राय ना!" सासूबाई त्रिशरण अर्धवट टाकून ओरडल्या.

"आई, इथं तळ लागत नाही!"

"पाय टेकवून पाह्यले काय?"

"पायच खाली जात नाहीत!"

सुखदेवभाऊ नावेतून उतरले आणि माझ्याकडे चालत आले. चालत! पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत होतं. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि अदबीनं दुसरीकडे पाहू लागले. मी तरीही दोनदा "वाचवा" म्हणाले. हाती घेतलेलं काम अर्धवट सोडायची मला सवय नाही.

मग मला एक आवाज ऐकू आला. आधी वाटलं, नावेच्या फळ्या फाटताहेत. ती प्रणाली हसत होती. तोंड उघडून, पोट धरून, फळीवर हात आपटून हसत होती. इयरफोन कधीच पाण्यात गेले होते.

"थांब आई, मी येऊन राह्यलो!" म्हणत तिनं उडी मारली, आणि पोटावर आणि पाठीवर डबे असल्यामुळे तीही उताणी! आता आम्ही माय-लेकी शेजारी शेजारी तरंगत होतो. ती मुलगी मात्र शहाणी. तिनं कुशीवर वळून पाय टेकवले. मग सुजल उतरला. दोघं मला उभं करायला लागले.

"पायाकडून दाब!"

"दाबलं तं इकडून डोकं निघून राह्यलं!"

"डोकं नको दाबू रे, डबा दाब!"

"कोणता? चार हायेत!"

मी त्यांना क्रम समजावून सांगत होते, पण दोघं इतके हसत होते की धरलेला हात दर वेळी सुटायचा आणि मी पुन्हा छपाक्! शेवटी टरबूजवाली बाई हातात विळा घेऊन पाण्यात आली. तिनं माझ्या पट्ट्या कापल्या, डबे सुटले आणि मी खाली बसले. पाणी छातीपर्यंत आलं. चालत काठावर गेले, कोरड्या, पक्क्या, अजिबात न हलणाऱ्या जमिनीवर उभी राहिले आणि तिथे मला उलटी झाली.

घरी पोचायच्या आत सुजलचा व्हिडिओ गावभर फिरला होता. दुपारपासून गुरुजींचे फोन सुरू झाले. प्रत्येकाचा प्रश्न एकच, आणि तोही भारी काळजीच्या सुरात: "मॅडम, तुमचा स्वतःचा विमा आहे ना?"

संध्याकाळी मी पुन्हा सगळ्यांना बैठकीत बसवलं. केस अजून ओले होते, पण मुदत म्हणजे मुदत.

हे खुर्चीत बसले होते. अंगावरचे डबे त्यांनी अजून सोडले नव्हते. ऑटोतही सोडले नव्हते. "माल नापास," ते म्हणाले. "मले काही जमत नाही. अन् जिनिंगवर काम हाय."

"जिनिंग तर कधीचं बंद आहे."

"मंग? बंद जिनिंगवर लक्ष ठेवाले कोणी नको काय?"

त्यांची जागा मोकळी झाली. ती पूर्ण मोकळी व्हायच्या आत सासूबाई तिच्यात बसल्या. "मी तयार हाव," त्या म्हणाल्या आणि लगेच नातीकडे वळल्या. "उंदीर गिंदीर काही नसते वं जहाजात. लोकं उगाच भेवाडतात."

राहिली प्रणाली. मी मनाची तयारी केली होती. सकाळची सहल तिच्या मते कशी झाली असेल, हे मला सांगायची गरज नव्हती. पुन्हा शिट्टीसारखाच प्रकार, आणि या वेळी सगळ्या शाळेनं पाहिलेला.

"तुला नसेल यायचं तर राहू दे," मी म्हणाले. "मी नाव काढते."

"काढू नको. मी येतो."

"खरंच?"

"हो. पण आई, तू नक्की येऊन राह्यली ना? मागून कॅन्सल नाही करशीन?"

सोळा वर्षांची पोर, होस्टेलवर निघालेली, आणि आई सोबत हवी म्हणून विचारते! मी पदरानं डोळे पुसले. "येते गं बाळा. का नाही येणार? आपण ते तिसरं घेऊ, केरळचं. संथ पाणी, आरामात बसायचं…"

"थांब, मी बोलतो." तिनं माझ्या हातातून फोन घेतला, कंपनीच्या बाईंना लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"मॅडम, या तीनपैकी सगळ्यात जास्त कोणतं जहाज हलते?"

"अहो, काळजी करू नका," पलीकडून गोड आवाज आला. "आपली सगळी जहाजं अगदी स्थिर असतात."

"स्थिर नाही पाह्यजे. हलणारं सांगा."

"म्हणजे… लक्षद्वीपचं भर समुद्रातून जातं, तेव्हा कधीकधी थोडं…"

"लक्षद्वीप!" सुजल आणि सासूबाई एकदमच ओरडले.

"थेच करा बुक," प्रणाली म्हणाली. "अन् जागा अशी द्या, का आमची आई आम्हांले सारखी समोर दिसली पाह्यजे."

पोहायचा तलाव, जादूगार, नाचगाणं, असं सगळं मी त्या पत्रकांत बोट ठेवून ठेवून शोधलं होतं, मुलांना जहाजावर करमणुकीची सोय काय म्हणून. फोनवर बाईंनी आता प्रवाशांची नावं विचारली, आणि प्रणालीनं करमणुकीची सोय पहिल्याच क्रमांकावर लिहून घ्यायला सांगितली: माझं नाव!